डावी हाडं

फक्त डावी मोजायची,
असं ओर्तेन्सियाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
डाव्या पंखाचं, दंडाचं हाड.
म्हणजे एकच पक्षी
दोनदा मेल्याची नोंद होत नाही.

उजवी वेगळ्या डब्यात.
डबा बिस्किटांचा,
झाकणावरच्या राणीचं नाक खरवडून गेलेलं.

आठवड्याचे पाच दिवस मी हॉटेलात
पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालते.
शनिवारी इथे,
लाव्ह्याच्या गुहेतून उपसलेल्या मातीत चिमटा फिरवते.
फार फरक नाही.
दोन्हीकडे कुणीतरी झोपून गेलेलं असतं.

फ्युएर्तेव्हेंतुरात झाड दिसलं की लोक गाडी थांबवतात.
बाकी वारा. शेळ्या.
आफ्रिकेतून धूळ आली की तीन दिवस
भाकरीलाही वाळवंटाची चव.
असल्या बेटावर हा पक्षी
काळ्या दगडाच्या भेगेत एकच अंडं घालायचा,
आणि म्हणे चांदणं असलं तर घरी यायचाच नाही,
अंधार पडेपर्यंत
समुद्रावर बसून राहायचा.

त्याचं शास्त्रातलं नाव वहीत आहे. लांबलचक.
गावात त्याला नाव नाही.
ज्यांनी ठेवलं असेल ते माहो लोक
आमच्याआधी इथे राहायचे;
त्यांची भाषासुद्धा मेली,
आणि भाषेला डावं हाड नसतं.

आईचा मामा निकासियो, वय शहाऐंशी.
तरुणपणी लोबोसच्या कपारीत हात घालून
पार्देलाची पिल्लं ओढून काढायचा.
मिठात घालून पिंपात.
चरबी सांध्यांना.
एक हाड मी रुमालात बांधून त्याच्याकडे नेलं
(सांगू नका कुणाला).
दिसत नाही त्याला. अंगठ्याने चाचपलं,
टोकाशी थांबला.
‘हा नव्हे. हा लहान.’

मग पार्देला ओरडतो तसा ओरडून दाखवला:
तान्हं पोर रडावं,
रडता रडता त्याला हसू फुटावं, तसा.
‘आणि हा?’ मी विचारलं.
‘मला काय ठाऊक? मी काय ऐकलाय?’
पण थोड्या वेळाने
तोच आवाज त्याने अर्ध्यावर आणला,
मग पाव,
मग नुसता श्वास.
दाराशी झोपलेली कुत्री उठून बसली.

एका हाडाचं टोक काळं आहे.
ओर्तेन्सियाबाई चष्मा वर करून लिहितात: जळलेलं,
पुढे प्रश्नचिन्ह.
मामाला सांगितलं तर म्हणाला,
‘त्यात विचारायचं काय?
पोरं उपाशी असली की माणूस
हा कितवा, असं विचारत नाही.’
त्याच्या आवाजात माफी नव्हती.
ऐकताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तेही सांगून टाकते.

शनिवारअखेर डावी एकशे चौदा.
डबा पालथा घालून उजवीही मोजली,
कुणी सांगितलं नव्हतं:
एकशे नऊ.
पाच पक्षी एकाच पंखाचे.

उंदराने नेली असतील, पाण्याने नेली असतील,
बाईंना त्यात नवल वाटलं नाही.
निकासियो मात्र म्हणाला, पोरांनी.
‘पोकळ असतात गं ती.
दोन्ही टोकं मोडली की शिट्टी होते.
आम्ही नाही का करायचो?’

बाई चहाला गेल्यावर
मी डब्यातलं एक उजवं उचललं,
दोन्हीकडून आधीच तुटलेलं,
मोजदादीत नसलेलं.
ओठांपर्यंत नेलं.

फुंकलं नाही.
जिभेला माती लागली, खारट.
खाली रस्त्यावर माझी बस
हॉर्न वाजवत होती.